मिरगाआधी कुत्र्याची जागा ठरवा

७ जूनला मृग लागतो. त्याच्या आत कौलं परतून होतात, लाकडं मांगरात (घराबाहेरच्या शेडमध्ये) जातात, पडवीला झडीसाठी झापं बांधली जातात. ज्या घरात लहान पोरंही आहेत आणि कुत्राही आहे, त्यांनी त्याच आठवड्यात आणखी एक काम उरकावं: कुत्र्याची जागा ठरवावी.

आठ महिने कुत्रा खळ्यात, माडाखाली, विहिरीच्या कठड्यापाशी पडलेला असतो आणि पोरंही बाहेरच हुंदडत असतात. पाऊस धरला की सगळे एका पडवीत येतात. घरचा, ओळखीचा कुत्रा पोराला चावतो तो बहुतेक वेळा खाताना हात घातला म्हणून, झोपेत दचकला म्हणून किंवा बाजूला सरकायला वाव नव्हता म्हणून. पावसाळ्यात हे तिन्ही प्रसंग रोज येतात. त्यामुळे कुत्र्याला शिस्त लावण्याआधी त्याला कोणी हात लावणार नाही असा एक कोपरा द्या. बाकीचं त्यावर उभं राहतं.

कोपरा असा हवा: दोन बाजूंना भिंत, झड न येणारा, आणि घरच्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेबाहेर. माजघरातून न्हाणीकडे जाणारी वाट कुत्र्याच्या अंगावरून जात असेल तर ती जागा चुकलीच. खाली दोन चिरे आडवे टाकून वर फळी ठेवा. जमिनीची ओल वर चढत नाही आणि फळीखालून केरसुणी फिरते. फळीची लांबी कुत्र्याच्या नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत मोजून वर एक फूट धरा. अंथरायला गोणपाट नको. ते आठवडाभर वाळत नाही आणि त्याच्या विणीत गोचिडं लपतात. जुन्या सुती चादरीचे दोन संच करा, एक फळीवर, एक चुलीवरच्या दोरीवर. दर चार-पाच दिवसांनी बदला आणि कढत पाण्यात धुवा.

मग फळीपासून हातभर अंतरावर जमिनीवर रेघ ओढा. गेरूची पुसली जाते, म्हणून ऑइल पेंटची. रेघेच्या आत पोरांनी जायचं नाही. चेंडू गेला तरी नाही, कुत्रा गोड दिसतो म्हणून तर मुळीच नाही. हवा असेल तर बाहेर उभं राहून हाक मारायची. आला तर आला. चार वर्षांच्या पोराला ‘कुत्र्याला त्रास देऊ नको’ हे समजत नाही, रेघ समजते. नियम मोठ्यांनाही लागू आहे. आजोबा रेघेत जाऊन कुत्र्याला गोंजारत असतील तर नातू जाणारच. रांगतं बाळ असेल तर रेघेचा उपयोग नाही. तिथे अडीच फूट उंचीची फळी आडवी लावावी लागते, आणि बाळ व कुत्रा एका जागी असताना मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं. स्वयंपाकघरातून लक्ष ठेवणं म्हणजे लक्ष ठेवणं नव्हे.

पावसाळी रात्री लाईट जाते. पोर झोपेतून उठून अंधारात लघवीला निघतं, पाय कुत्र्याच्या शेपटीवर पडतो, आणि कुत्रा डोळे उघडायच्या आत दात लावतो. यात कुत्र्याचा दोष नाही, पोराचाही नाही. तीन गोष्टी करा. कुत्रा रात्री आपल्या फळीवरच झोपेल हे बघा, पोरांच्या उशाशी बॅटरी ठेवा, आणि पट्ट्यावर सायकलला लावतात ती चमकणारी पट्टी शिवून घ्या. बॅटरीचा उजेड पडला की ती लांबूनही दिसते.

हात कसा लावायचा हेही पोरांना शिकवावं लागतं. मिठी मारायची नाही, तोंडाजवळ तोंड न्यायचं नाही, डोक्यावर थापट्या नाहीत. कुत्रा जवळ आला की मानेच्या बाजूला किंवा छातीवर हात फिरवायचा, तीन मोजायचे आणि हात काढून घ्यायचा. कुत्रा नाकाने हात ढोसू लागला, अंगाला टेकला, तर पुन्हा तीन. मान वळवली, जांभई दिली, नाक चाटलं, अंग ताठ केलं किंवा डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघितलं, तर पुरे झालं. हा खेळ पाच वर्षांचं पोर दोन दिवसांत शिकतं आणि मग तेच मोठ्यांना शिकवतं.

गुरगुरला म्हणून कुत्र्याला मारू नका. गुरगुरणं म्हणजे त्याने दिलेली सूचना आहे. मार खाऊन तो गुरगुरायचा थांबतो, रागवायचा थांबत नाही, आणि पुढच्या वेळी काही न सांगता चावतो. गुरगुरला की पोराला शांतपणे बाजूला घ्या आणि काय झालं होतं ते शोधा. कान दुखत असेल, तोंडात हाड असेल, अंगावर गोचीड असेल.

गोचीड

रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि ओलसर उबेत गोचीड फोफावते. घरात सापडते ती बहुधा तपकिरी कुत्रागोचीड. तिची एक सवय ध्यानात ठेवली की पुढचं सगळं समजतं. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी कुत्र्याच्या अंगावरून गळून पडते, भिंतीवर चढते आणि एखाद्या फटीत हजारो अंडी घालते. चिऱ्याच्या न गिलावलेल्या भिंतीत अशा फटी जागोजाग असतात. म्हणून नुसता कुत्रा साफ करून भागत नाही; अंगावरच्या दहा गोचिडी काढल्या तरी फटीतल्या पंधरा दिवसांनी वर येतात. फळीमागच्या भिंतीच्या फटी माणसाच्या कमरेपर्यंत सिमेंटने बुजवून घ्या. हे एका दिवसाचं काम आहे आणि औषधाच्या जोडीला फार उपयोगी आहे.

रोज संध्याकाळी पाच मिनिटं कुत्र्याचं अंग चाचपा. कानाच्या आत आणि कानाच्या पाळीच्या घडीत, पट्ट्याखाली, पुढच्या पायांच्या बगलेत, शेपटीखाली, आणि प्रत्येक पंजाच्या बोटांच्या मधे. बोटांमधली सगळ्यात जास्त राहून जाते. सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने अगदी कातडीलगत धरून, न पिळता, सरळ वर ओढा. काडी लावू नका, रॉकेल टाकू नका. त्याने ती आणखी ओकते आणि तिच्यातला रोग कुत्र्याच्या रक्तात जातो. काढलेली गोचीड नखाने चिरडायची नाही, झाकणाच्या बाटलीत स्पिरिट घेऊन त्यात टाकायची. हे काम पोरांचं नाही. त्यांना हौस असेल तर बाटलीचं झाकण उघडून धरायला सांगा.

औषध जनावरांच्या डॉक्टरकडून, कुत्र्याचं वजन करूनच घ्या. मानेवर टाकायचे थेंब महिनाभर चालतात; ते टाकण्याआधी आणि नंतर दोन-दोन दिवस आंघोळ नको, आणि पहिला दिवस पोरांनी तिथे हात लावायचा नाही. पोटात द्यायच्या गोळ्या काही महिनाभर, काही १२ आठवडे पुरतात. लहान पोरांच्या घरात गोळी बरी, कारण अंगावर काही राहत नाही. गोठ्यातलं गोचिडांचं औषध अंदाजाने पाण्यात कालवून कुत्र्याला चोळण्याची रीत मात्र सोडा. माप चुकलं की कुत्रा लाळ गाळतो, थरथरतो, दगावतोही. घरात मांजर असेल तर कुत्र्याचे थेंब आणताना तसं आवर्जून सांगा, कारण काही थेंबांतलं परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजराला मारतं.

कुत्रा दोन दिवस जेवला नाही, अंग तापलं, हिरड्या फिक्या पडल्या, नाकातून रक्त आलं किंवा लघवी काळपट झाली, तर गोचिडीचा ताप समजून त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. ‘पावसाने जरा मलूल झालाय’ म्हणत थांबण्यात कुत्री जातात.

ओले पाय, उंदीर आणि लेप्टो

भातलावणीच्या दिवसांत कोकणात लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, भीती असतेच. उंदराच्या मुतातून हा जंतू चिखलात, साचलेल्या पाण्यात उतरतो आणि जखमेतून, भेगेतून अंगात शिरतो. कुत्र्यालाही होतो आणि त्याच्या लघवीतून माणसाला लागू शकतो. कुत्र्याच्या वर्षाच्या लसीत लेप्टोचा भाग आहे का ते कार्डावर बघा. पहिल्यांदाच देत असाल तर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन टोचण्या लागतात, म्हणजे सुरुवात एप्रिलच्या शेवटी करायला हवी. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झालं की, आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी.

उंदीर घरात येतात ते पुष्कळदा कुत्र्याच्या उरलेल्या भातासाठी. रात्री थाळी जमिनीवर राहू देऊ नका. वीस मिनिटांत संपवलं नाही तर उचला, धुवा, पालथी घाला. पाण्याचं भांडं रोज घासा, म्हणजे कुत्रा पागोळ्यांखालच्या डबक्यात तोंड घालणार नाही.

दारात एक उथळ टब, दोन पंचे. बाहेरून आला की पाय टबात, मग पंचा. बोटांमधली जागा कोरडी करा, नाहीतर तिथे लाल होऊन कुबट वास येतो आणि कुत्रा पाय चाटत बसतो. आंघोळ तीन आठवड्यांतून एकदा पुरे, तीही उघडीप असलेल्या दिवशी सकाळी. कानात बोळा घालून, आणि नंतर तो आठवणीने काढून.

पावसात कुत्रा शी-शूला बाहेर जायला मागत नाही, मग पडवीतच घाण करतो आणि मार खातो. मांगराच्या वळचणीखाली तीन बाय तीन फुटांची जागा आखून त्यात नदीची जाड वाळू टाका. उठल्याबरोबर, जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटांनी आणि झोपायच्या आधी तिथेच न्या, दोरी धरून, स्वतः छत्री घेऊन. त्याने केलं की लगेच, तिथेच, सुक्या पोळीचा तुकडा. आठ-दहा दिवसांत सवय लागते. विष्ठा रोज उचला. जंतांची अंडी बाहेर पडल्यावर काही दिवसांनी लागण करण्याजोगी होतात, त्यामुळे रोज उचलली तर पोरांपर्यंत पोचत नाहीत. पुरायला दीड फूट खोल खड्डा, विहिरीपासून निदान ५० फूट लांब. मोठ्या कुत्र्याला जंताचं औषध दर तीन महिन्यांनी.

खाणं

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, घरात सुकं. खारा बांगडा, खारवलेले बोंबील कुत्र्याला घालू नका, मीठ फार असतं. वाटप घातलेली आमटीही नको, त्यात कांदा-लसूण असतो आणि तो कुत्र्याचं रक्त बिघडवतो. भात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नको. बाकी अंडं, उकडलेली कोंबडी हाडं काढून, दुधी किंवा भोपळा. शिजवलेलं हाड फुटून टोकं होतात, म्हणून हाड नकोच. जूनमध्ये रायवळ आंबे टपटप पडतात आणि कुत्रा बाठा गिळतो. बाठा आतड्यात अडकला तर सारख्या उलट्या होतात, शी बंद होते, आणि मग पोट फाडूनच काढावा लागतो. सकाळी झाडाखालचे बाठे गोळा करणं हे पोरांना द्यायला उत्तम काम. फणसाच्या आठळ्याही त्यातच. किनाऱ्याला राहणाऱ्यांनी रापणीनंतर वाळूत टाकलेल्या केंड माशापासून कुत्र्याला दूर ठेवावं, तो जीवघेणा विषारी आहे.

चावलाच तर

जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, तिखट, चुना काही नाही, घट्ट पट्टी नाही. घरचा कुत्रा, लस दिलेला, तरी त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि लसीचं कार्ड सोबत न्या. माणसाला रेबीजची लस हातावर कातडीत देतात ती ० (पहिला दिवस), ३, ७ आणि २८ व्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. ते प्रत्येक आरोग्य केंद्रात असेलच असं नाही, म्हणून निघण्याआधी फोन करून विचारा. कुत्र्याला दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवा. हाकलून देऊ नका, कारण तो दहा दिवस धडधाकट राहतो का हे डॉक्टरांना हवं असतं.

कुत्रा लाकडांच्या ढिगाकडे किंवा चिऱ्यांच्या गडग्याकडे तोंड करून एकसारखा भुंकत असेल तर पोरांना आत घ्या आणि कुत्र्याला लांबूनच हाक मारा. फुरसं हा विषारी साप वितीएवढाही असू शकतो, दिसत नाही. माणसाला चावलं तर १०८ ला फोन करा, जनावरासाठी १९६२ ला.

गणपती

चतुर्थीला घर भरतं. चाकरमानी येतात, त्यांची पोरं येतात, ज्यांना रेघ ठाऊक नसते. पहिल्या दिवशीच घरच्या पोराने पाहुण्या पोरांना रेघ आणि तीन मोजण्याचा खेळ दाखवावा. मोठ्यांनी सांगितलेलं ती ऐकत नाहीत, बरोबरीच्याचं ऐकतात. आरती, टाळ-मृदंग आणि फटाक्यांच्या वेळी कुत्र्याला मागच्या खोलीत, दार लावून, पंखा चालू ठेवून बसवा. पट्ट्यावर मोबाइल नंबर हवा, कारण फटाक्याला बुजलेला कुत्रा वाडी ओलांडून जातो. पंचखाद्यात मनुका असतात, तो प्रसाद त्याच्यासाठी नाही. हवं तर खोबऱ्याचा एक तुकडा द्या.

आणि एक तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर आताच लिहून ठेवा. गोचिडांवरची १२ आठवड्यांची गोळी ७ जूनला दिली असेल तर तिचा अंमल ३० ऑगस्टला संपतो, म्हणजे ऐन पाहुण्यांच्या तोंडावर. पुढची गोळी आणि जंताचं औषध दोन्ही ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात आणून ठेवा.