विसर्जनाच्या बंदोबस्ताला आपल्या इमारतीने हात कसा द्यावा

अनंत चतुर्दशीला सकाळी गिरगावात उभा राहिलेला पोलीस बरेचदा दुसऱ्या दिवशी उजाडल्यावरच घरी जातो. लालबागच्या राजालाच चौपाटी गाठायला वीस-वीस तास लागतात. २०१६ साली देवनार पोलीस ठाण्यातून आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला खरा, पण विसर्जनाला आठ तासांचा हिशेब चालत नाही. मिरवणुकीच्या रस्त्यावर राहणाऱ्यांना या माणसांसाठी पुष्कळ करता येतं, फक्त तयारी आधीपासून हवी.

आठ-दहा दिवस आधी सोसायटीच्या दोघांनी पोलीस ठाण्यात जाऊन यावं. ठाणे अंमलदारांकडे आपल्या बीटचे अधिकारी कोण ते विचारावं, त्यांना भेटून बंदोबस्ताचे पॉइंट कुठे लागणार, आपल्या दाराशी साधारण किती जण असतील आणि त्यात महिला किती, एवढं समजून घ्यावं. ऐन दिवशी जाऊ नका, त्या दिवशी कुणालाच बोलायला सवड नसते.

पुढचं काम संडासाचं. माझ्या मते सगळ्यात मोठी मदत हीच. चार वर्षांपूर्वी रात्री दीडच्या सुमाराला आमच्या चाळीच्या दारात एक महिला शिपाई आली. "काकू, बाथरूमला जाऊ का?" आईला तिने इतक्या हळू विचारलं की ढोलांच्या आवाजात ते दुसऱ्यांदा विचारावं लागलं. जायची सोय नाही म्हणून दुपारपासून ती पाणीच प्यायली नव्हती. तेव्हापासून आम्ही तळमजल्यावरचा एक संडास त्या रात्रीपुरता मोकळा ठेवतो. भरलेली बादली, साबण, झाकणाचा कचरा डबा, सॅनिटरी पॅडचं पाकीट आणि आत चालणारी कडी. कडी आदल्या दिवशी स्वतः लावून बघा. दाराशी इमारतीतली एखादी बाई पाळीपाळीने बसली तर येणारीला संकोच वाटत नाही. "महिला पोलिसांसाठी सोय आहे" अशी ठळक पाटी गेटवर लावा, म्हणजे कुणाला विचारावंही लागणार नाही.

खायला उभ्याउभ्या एका हातात धरता येईल असंच द्यावं. केळी, शेंगदाण्याचे लाडू, चपातीचा रोल चालतो; पातळ भाजीचं ताट हातात घेऊन गर्दीवर लक्ष ठेवता येत नाही. पाण्याचा जार आणि पेले ठेवा. चहाची खरी गरज पहाटे तीनला असते, तेव्हा कुणी जागं राहायचं ते आधीच ठरवा. चार खुर्च्या, मोबाइल चार्जिंगचा बोर्ड आणि पाऊस आला तर जिन्याखाली आडोसा. नको म्हणाले तर आग्रह धरू नये आणि खातानाचे फोटो काढू नयेत.

होमगार्डना विसरू नका. ही संघटना डिसेंबर १९४६ मध्ये मुंबईतल्याच अशांततेच्या काळात उभी राहिली. त्यातले बहुतेकजण आपापली कामं सांभाळून बंदोबस्ताला येतात. पोलिसांना दिलेला लाडू शेजारच्या होमगार्डलाही मिळायला हवा.

आपली पोरं मदतीला उभी करायची असतील तर अधिकाऱ्यांना नावं आधी द्या आणि ते सांगतील तिथेच उभं राहा. शिट्टी, टॉर्च, चमकणारं जॅकेट पुरे, हातात काठी नको. दोरखंड धरणं, रुग्णवाहिकेला वाट करून देणं, म्हाताऱ्या माणसांना फुटपाथवर घेणं ही आपली कामं. कुणाची झडती घेणं आपलं काम नाही. मोबाइल चोरणारा सापडला तरी मारहाण न करता पोलिसांच्या ताब्यात द्यायचा. हरवलेलं पोर दिसलं तर त्याला घेऊन आई-बाप शोधत फिरू नका. दोघांनी त्याच्याजवळ तिथेच थांबावं, एकाने जवळच्या पोलिसाला सांगावं, नाहीतर ११२ लावावा.

पैसे किंवा भेटवस्तू कुणाला देऊ नयेत. झालेला खर्च सोसायटीच्या वहीत लिहावा. या मदतीच्या बदल्यात पुढे पार्किंगच्या पावतीत सवलत मागायची नाही, आणि पोलिसांविरुद्ध तक्रार करायची वेळ आली तर तीही बिनदिक्कत करायची.

शेवटची मूर्ती पुढे गेली की खुर्च्या आत घेण्याआधी चहाची एक किटली मागे ठेवा. रस्ता झाडायला पालिकेचे सफाई कामगार तेव्हा येतात.