लंडनमध्ये इन्सॉल्व्हन्सीची बॅरिस्टरी करायचीय? मग बुधवारपासून सुरू करा

दर एक-दोन महिन्यांनी कोणीतरी मुलगा-मुलगी विचारतेच, की ताई, लंडनला कमर्शियल बारमध्ये, म्हणजे व्यापारी खटले लढणाऱ्या बॅरिस्टरांत जायचंय, इन्सॉल्व्हन्सीचं, म्हणजे दिवाळखोरीचं काम करायचंय, पुढे सिल्क, म्हणजे वरिष्ठ बॅरिस्टरचा किताब घ्यायचाय, कुठून सुरू करू? प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथे एकदाच सगळं लिहिते.

आधी एक गैरसमज दूर करू. बाबासाहेब १९२२ मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले, आणि नावाआधी 'बॅ.' लागणं म्हणजे शिखर गाठलं असंच आपल्या घराघरात मानलं गेलं. आजच्या इंग्लंडमध्ये 'कॉल' झाला, म्हणजे बॅरिस्टर ही पदवी मिळाली, की फक्त दारापर्यंत पोचलात. आधी कायद्याची पदवी, किंवा दुसऱ्या विषयाची पदवी आणि वर कन्व्हर्जन कोर्स, मग लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल आणि ग्रेज इन या बॅरिस्टरांच्या चार जुन्या संस्थांपैकी एका इनचं सदस्यत्व, मग बार कोर्स, आणि त्यानंतर १२ महिन्यांची प्यूपिलेज, म्हणजे उमेदवारी, ज्यात पहिले सहा महिने नुसतं सिनिअरच्या मागे राहून शिकायचं आणि पुढचे सहा स्वतः उभं राहायचं. प्यूपिलेज मिळाली नाही तर नुसत्या कॉलवर बॅरिस्टर म्हणून प्रॅक्टिस करता येत नाही, आणि कोर्स करणाऱ्यांपेक्षा जागा खूपच कमी असतात, त्यामुळे कोर्सची फी भरायच्या आधी प्यूपिलेजच्या अर्जांचा विचार करा, ही माझी कळकळीची विनंती आहे. भारतात आधीच वकिली करत असाल तर बॅरिस्टरांवर देखरेख करणाऱ्या बार स्टँडर्ड्स बोर्डाकडे ट्रान्सफरसाठी अर्ज करता येतो, तुमचा अनुभव बघून ते कशातून सूट देणार आणि कुठले पेपर द्यायला लावणार ते सांगतात.

आता खरं काम. अर्जात 'मला कमर्शियल लॉची आवड आहे' असं सगळेच लिहितात. तुम्ही त्यापेक्षा एका बुधवारी फेटर लेनवरच्या रोल्स बिल्डिंगमध्ये जाऊन बसा. कोर्ट खुलं असतं, कोणीही मागे बसू शकतं. कंपन्या गुंडाळण्याच्या पिटिशन्स तिथे बुधवारी लागतात, एकामागून एक, काही तर दोन-तीन मिनिटांत संपतात. कंपनीकडून कोणीच आलेलं नसतं, पिटिशन करणाऱ्या क्रेडिटरचा, म्हणजे ज्याचे पैसे कंपनीकडे अडकलेत त्याचा वकील उठतो, कागद बरोबर आहेत एवढं सांगतो आणि 'यूज्वल कम्पल्सरी ऑर्डर' मागतो, की झालं, कंपनी लिक्विडेशनमध्ये. मध्येच एखादा डायरेक्टर वकिलाशिवाय स्वतः उभा राहतो, हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात बँकेची स्टेटमेंट्स, आणि चार आठवडे द्या म्हणतो. तेवढ्यात दुसरा क्रेडिटर उठून सांगतो की माझेही पैसे अडकलेत, माझा पिटिशनला पाठिंबा आहे. हे सगळं बघा आणि जजच्या जागी बसून विचार करा, मुदत द्यायची का? इंटरव्ह्यूमध्ये यावर पाच मिनिटं नीट बोलता आलं तर ते पाठ केलेल्या दहा केसेसपेक्षा भारी पडतं.

ज्युनिअर असताना हेच काम तुमच्याकडे येणार आणि ते छोटं समजू नका. माझी सगळ्यात मोठी शिकवणी इथेच झाली. नियम असा, की पिटिशन कंपनीवर बजावल्यावर लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रात नोटीस द्यायची, पण बजावल्यापासून किमान ७ कामकाजाचे दिवस गेल्यावर आणि सुनावणीच्या किमान ७ कामकाजाचे दिवस आधी. सॉलिसिटरने, म्हणजे अशिलाचं कागदपत्रांचं काम बघणाऱ्या वकिलाने, दिवस मोजले होते, मी परत मोजले नाहीत. मधे मे महिन्यातली बँक हॉलिडे आली होती, त्यामुळे एक दिवस कमी भरत होता, आणि ते जजनी उभ्या उभ्या पकडलं. पिटिशन पुढे ढकलली गेली, अशिलाचा खर्च वाढला, आणि परतीच्या वाटेवर त्यांच्याशी फोनवर बोलताना मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून दुसऱ्याने मोजलेली कुठलीही तारीख मी कॅलेंडर उघडून स्वतः मोजल्याशिवाय कोर्टात सांगत नाही. तुम्हीही पहिल्या दिवसापासून ही सवय लावा, स्टॅच्युटरी डिमांडचे, म्हणजे पैसे चुकते करा अशा कायदेशीर लेखी मागणीचे २१ दिवस असोत की कंपनीऐवजी एखाद्या व्यक्तीवर बजावलेली डिमांड रद्द करायच्या अर्जाचे १८ दिवस.

हे का महत्त्वाचं ते कंपनीच्या बाजूने बघितलं की कळतं. नोटीस गॅझेटमध्ये छापून आली की बँक बघते आणि खातं गोठवते, कारण १९८६ च्या इन्सॉल्व्हन्सी ॲक्टच्या कलम १२७ प्रमाणे पुढे कंपनी गुंडाळली गेली तर पिटिशनच्या तारखेपासूनचे व्यवहार रद्द ठरतात. शुक्रवारी पगार करायचेत आणि गुरुवारी दुपारी फोन येतो, मॅडम, खातं बंद झालंय. मग व्हॅलिडेशन ऑर्डर, म्हणजे ते पेमेंट रद्द ठरू नये म्हणून कोर्टाची परवानगी, मागायची. इथे नवीन वकील काय करतात, तर कलमावर चार पानं लिहितात. जजला ती नको असतात. त्यांना बघायचं असतं की पुढच्या काही आठवड्यांत पैसे येणार कुठून, जाणार कुठे, आणि हे पेमेंट केल्याने सगळ्या क्रेडिटर्सचा मिळून फायदा आहे की तोटा. म्हणून आधी कॅश फ्लोचा तक्ता मागवा, प्रत्येक ओळीवर 'हे कशावरून' असं विचारा, आणि मगच स्केलेटन, म्हणजे कोर्टाला द्यायचा युक्तिवादाचा लेखी सारांश, लिहायला घ्या.

यावरून सगळ्यात कळीचा मुद्दा, ताळेबंद वाचायला शिका. वकिली करणाऱ्या बऱ्याच जणांना आकड्यांची भीती वाटते आणि ती झाकायला ते निकालांचा ढीग लावतात. या क्षेत्रात ते चालत नाही, कारण भांडण बहुतेक वेळा कायद्याचं कमी आणि 'कंपनी नेमकी कधी बुडाली' याचं जास्त असतं. सेक्वानाची केस घ्या. मे २००९ मध्ये एका कंपनीने साडेतेरा कोटी युरोचा डिव्हिडंड आपल्या मालक कंपनीला, म्हणजे सेक्वानाला, दिला, त्या दिवशी ती बुडीत नव्हती, पण प्रदूषणाची एक मोठी जबाबदारी डोक्यावर होती, आणि नऊ वर्षांनी ती इन्सॉल्व्हन्सीत गेली. डायरेक्टर्सनी क्रेडिटर्सचा विचार करायला हवा होता का? सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये सांगितलं की असं कर्तव्य असतं, पण नुसता धोका पुरेसा नाही, कंपनी बुडीत किंवा बुडायच्या बेतात हवी, आणि त्या दिवशी तसं नव्हतं. तोच डिव्हिडंड इन्सॉल्व्हन्सी ॲक्टच्याच कलम ४२३ खाली मात्र अडकला, कारण तिथे कंपनी बुडीत असायची अटच नाही, हेतू बघतात. एकच पेमेंट, दोन दावे, दोन वेगळे निकाल! हे स्वतः कागदावर टाइमलाइन काढून समजून घ्या, फार मजा येते.

दुसरी गोष्ट सचोटीची. समोरच्याला न कळवता तातडीने फ्रीझिंग ऑर्डर (मालमत्ता हलवायला बंदी) वगैरे मागायला जाता तेव्हा आपल्याविरुद्ध जाणारे मुद्देसुद्धा आपणच कोर्टाला सांगायचे असतात. ते आठव्या पानाच्या तळटीपेत लपवायचे नाहीत, वेगळं ठळक शीर्षक देऊन लिहायचे. लपवल्याचं नंतर उघड झालं तर ऑर्डर जाऊ शकते, आणि त्याहून वाईट म्हणजे या बारमध्ये जज मोजके आहेत, ते तुम्हाला ओळखतात, पुढच्या वेळी तुम्ही 'माय लॉर्ड, एवढेच कागद आहेत' म्हणालात की त्यांचा विश्वास बसला पाहिजे.

पैशाबद्दल थोडक्यात. बहुतेक बॅरिस्टर स्वयंरोजगारी असतात, चेंबर्सला, म्हणजे बॅरिस्टरांच्या सामायिक ऑफिसला, भाडं किंवा कमाईचा हिस्सा देतात, आणि फी हातात पडायला महिनोन् महिने लागू शकतात, तेव्हा टॅक्सचे पैसे पहिल्या दिवसापासून वेगळ्या खात्यात ठेवा. क्लार्क म्हणजे कारकून नव्हे हं, तुमची डायरी, फी, तुमच्याकडे कुठलं काम येणार, सगळं त्यांच्या हातात असतं. त्यांच्याशी खरं बोला, एखादं काम झेपणार नसेल तर आधीच सांगा. अशील कोण हे बघून काम नाकारता येत नाही, टॅक्सीच्या रांगेसारखा कॅब रँकचा नियम आहे, म्हणून आज कंपनी गुंडाळणाऱ्या लिक्विडेटरकडून तर उद्या डायरेक्टरकडून, असं दोन्ही बाजूंनी उभं राहावं लागतं. मला ते आवडतं, दोन्हीकडचं दुखणं कळतं.

आणि सिल्क, म्हणजे किंग्ज काउन्सेल. साधारण पंधरा-वीस वर्षं गेल्यावर लोक अर्ज करतात. त्यात अलीकडच्या महत्त्वाच्या केसेस द्याव्या लागतात आणि त्या केसेसमधले जज, सोबतचे आणि विरुद्ध बाजूचे वकील, सॉलिसिटर यांना तुमच्याबद्दल विचारलं जातं. म्हणजे आज ज्याच्याशी तुम्ही कोर्टाबाहेर उर्मटपणे बोललात तोच उद्या तुमच्याबद्दल मत देणारा असेसर असू शकतो. शिवाय सिल्क मिळाल्यावर छोटी कामं येणं थांबतं आणि मोठी यायला वेळ लागतो, त्यामुळे पहिलं वर्ष रिकामं जाऊ शकतं, तेवढी बचत हाताशी ठेवूनच अर्ज करा. आणि एक वही आजच घाला. प्रत्येक सुनावणीनंतर त्याच संध्याकाळी चार ओळी लिहा, केस कुठली, जज कोण, अडचण काय होती, मी काय केलं आणि काय चुकलं. अर्जाच्या वेळी यातलं काहीच आठवत नाही, मी माझा फॉर्म भरताना तीन आठवडे जुन्या ईमेल्स चाळत बसले होते.