ड्युअल बूट चालू होईना? फॉरमॅट मारायच्या आधी या चुका टाळा

परवा रात्री परत एक फोन. "दादा, लॅपटॉप गेला ओ, काळी स्क्रीन आलीय, इंग्रजीत कायतरी लिहिलंय." काय लिहिलंय विचारलं तर म्हणे वाचलंच नाही, पाच-सहा वेळा बटण दाबून बंद-चालू करून बघितलं. अरे बाळा, तीच एक ओळ तर मला पाहिजे होती. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, त्याच्या आसपास माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी विंडोजच्या शेजारी मिंट नाहीतर उबुंटू हे लिनक्स टाकून घेतलं (एका मशीनवर दोन सिस्टिम, हेच ड्युअल बूट), मला खरंच बरं वाटलं, पण चुका सगळ्यांच्या त्याच त्याच, म्हणून एकदाचं लिहून टाकतोय. एरर आली की पहिल्यांदा मोबाईलनं स्क्रीनचा फोटो काढा, मग बाकीचं.

लिनक्स नको झालं म्हणून थेट पार्टिशन उडवणं

यात एकाचं किती नुकसान झालं ते मी डोळ्यानं बघितलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत ओळखीच्या एका अण्णांचा टॉवेल-चादरीचा कारखाना आहे. ऑफिसात एक जुना डेस्कटॉप, त्यावर विंडोजमध्ये जेकार्डची (मागावर विणायच्या नक्षीची) सगळी डिझाईनं. पोरगा इंजिनिअरिंगला, त्यानं अभ्यासाला म्हणून त्याच मशीनवर उबुंटू टाकलेलं. परीक्षा झाली, जागा मोकळी करू म्हणून पोरानं विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन लिनक्सचं पार्टिशन (डिस्कचा त्याला दिलेला भाग) डिलीट केलं. मशीन चालू होतं तोवर काहीच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लावलं तर 'एरर: नो सच पार्टिशन' आणि खाली 'ग्रब रेस्क्यू'.

आता बघा, जुन्या बायोसच्या (मशीन लावलं की सगळ्यात आधी चालतो तो प्रोग्रॅम) मशीनमध्ये ग्रबचा, म्हणजे सिस्टिम चालू करून देणाऱ्या लिनक्सच्या बूटलोडरचा, एक छोटा तुकडा डिस्कच्या अगदी सुरुवातीला असतो आणि बाकीचा ग्रब लिनक्सच्या पार्टिशनमध्ये. पार्टिशन उडवलं की तो तुकडा बाकीच्या ग्रबला शोधतो, सापडत नाही, म्हणून तिथंच थांबतो. विंडोज, डी ड्राइव्ह, फायली, सगळं जागेवर असतं. विंडोज इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह लावायचा, रिपेअरमधून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा आणि बूटरेकची फिक्सएमबीआर कमांड द्यायची, की विंडोज परत चालू. दहा-पंधरा मिनिटांचं काम.

पण अण्णांनी घाईत मशीन एका दुकानात नेलं. तिथं सांगितलं विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावं लागेल, आणि संध्याकाळपर्यंत सगळी डिस्क पुसून, नवीन पार्टिशनं करून, नवीन विंडोज टाकून दिलं. डी ड्राइव्हसकट! गड्ड्याच्या जत्रेच्या आधीचे दिवस, ऑर्डरी घेतलेल्या, आणि डिझाईनं गायब. मला फोन आला तो तेव्हा. दोन रात्री फोटोरेक हे उडालेल्या फायली शोधणारं सॉफ्टवेअर चालवलं, डिझाईनच्या बीएमपी फायली बऱ्याच परत आल्या पण फोटोरेक फायलींची नावं आणत नाही, नुसते आकडे. मग अण्णा आणि त्यांचे जुने डिझायनर एकेक फाईल उघडून कपाटातल्या नमुन्याशी ताडून बघत बसले, हा मोर कुठल्या चादरीचा, ही बॉर्डर कुठल्या टॉवेलची. ज्यावर नवीन विंडोज लिहिलं गेलं ती डिझाईनं आलीच नाहीत. अण्णा पोराला एक शब्द बोलले नाहीत, पण पोराचं तोंड मला बघवलं नाही.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी बूटलोडर विंडोजचा करायचा, दोन-तीन वेळा रीस्टार्ट करून विंडोज सरळ चालू होतंय बघायचं, मगच लिनक्सचं पार्टिशन काढायचं. नवीन युईएफआय (बायोसची नवी पिढी) मशीन असेल तर काम अजून सोपं, कारण तिथं विंडोजचा बूटलोडर ईएफआय पार्टिशनमध्ये वेगळा शाबूत असतो. एफ12 नाहीतर तुमच्या कंपनीचं जे बटण असेल ते दाबा आणि विंडोज बूट मॅनेजर निवडा. तिथं फिक्सएमबीआर मारत बसू नका, काही उपयोग नाही. आणि धंद्याच्या मशीनवर मी आता ड्युअल बूट करूनच देत नाही, कितीही जवळचा माणूस असू दे. जुना लॅपटॉप आणा, त्यावर टाकून देतो.

फास्ट स्टार्टअप चालू ठेवणं

परवाच्या फोनवाल्याचा फोटो शेवटी आला, 'इमर्जन्सी मोड'. कारण हेच. विंडोज 8 पासून शटडाऊन केलं तरी मशीन पुरतं बंद होत नाही, विंडोज आपली अर्धी अवस्था डिस्कवर लिहून ठेवतं म्हणजे पुढच्या वेळी लवकर उठता येतं. तोवर त्याची एनटीएफएस (विंडोजच्या पद्धतीची) पार्टिशनं लिनक्सच्या दृष्टीनं अर्धवट उघडी असतात, मग डी ड्राइव्ह कधी फक्त वाचायला मिळतो, कधी माऊंटच होत नाही, म्हणजे जोडलाच जात नाही, आणि तुम्ही हौसेनं तो एफएसटॅबमध्ये (चालू होताना कुठले ड्राइव्ह जोडायचे त्या यादीत) टाकून ठेवला असेल तर लिनक्स त्याच्यासाठी अडून बसतं. विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची टिक काढा, विंडोज एकदा नीट बंद करा, आणि एफएसटॅबच्या त्या ओळीत 'नोफेल' (ड्राइव्ह जोडला गेला नाही तरी पुढं जा) लिहा. दहा सेकंद लवकर चालू व्हावं म्हणून डी ड्राइव्ह धोक्यात घालणं मला अजिबात पटत नाही. आणि कुठंतरी वाचून फोर्स माऊंट करणारे आहेत, त्यांना हात जोडून विनंती, नका करू, विंडोजनं अजून डिस्कवर न उतरवलेलं काम त्यात जातं.

अपडेट चालू आणि लाईट गेली

मे महिन्यात आपल्याकडं हे ठरलेलं. डेस्कटॉपला यूपीएस नाही, लिनक्सच्या कर्नलचं (सिस्टिमच्या गाभ्याचं) अपडेट अर्ध्यात असताना लाईट गेली, नंतर 'कर्नल पॅनिक'. घाबरू नका, ग्रबच्या मेनूत अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जुनं कर्नल असतं, त्यानं आत जा आणि अपडेट पूर्ण करून घ्या. मी जुनं एक कर्नल कायम ठेवतो, जागा कितीही कमी असू दे.

ग्रबच्या मेनूत विंडोज दिसंना? 2021 च्या ग्रब 2.06 पासून ओएस-प्रोबर, म्हणजे मशीनवरच्या दुसऱ्या सिस्टिम शोधणारा प्रोग्रॅम, आपोआप चालत नाही. ग्रबच्या सेटिंगच्या फाईलमध्ये चालू करा, मग अपडेट-ग्रब ही कमांड द्या.

विंडोज लावलं की घड्याळ साडेपाच तास मागं दिसतंय? लिनक्स मशीनच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहितं आणि विंडोज त्यालाच लोकल टाइम समजतं. मदरबोर्डचा सेल बदलायला पळू नका.

इन्स्टॉलरला डिस्क दिसंना म्हणून बायोसमध्ये जाऊन डिस्कचं सेटिंग आरएसटीचं एएचसीआय केलं आणि विंडोज निळं पडलं? आधीचं सेटिंग परत ठेवा, विंडोज उठेल. मग विंडोजला सेफ मोडमध्ये उठायला सांगून ठेवायचं, रीस्टार्ट करताना एएचसीआय करायचं, आणि एकदा चालू झालं की सेफ मोड काढायचा.

ऑगस्ट 2024 च्या विंडोज अपडेटनंतर बऱ्याच ड्युअल बूटवाल्यांना 'शिम एसबॅट'ची सिक्युरिटी पॉलिसीवाली एरर आली होती. तेव्हा सिक्युअर बूट (फक्त सही असलेले बूटलोडर चालू देणारं सेटिंग) तात्पुरतं बंद करायचं, लिनक्समध्ये जाऊन अपडेट मारायचं, मोकयुटिल या कमांडनं ती एसबॅट पॉलिसी (जुने बूटलोडर अडवणारी यादी) काढायची आणि सिक्युअर बूट परत चालू करायचं. पण थांबा, सिक्युअर बूटला हात लावला की बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) 48 आकडी रिकव्हरी की मागतो, आणि नवीन लॅपटॉपवर तो बऱ्याचदा तुम्हाला न विचारताच चालू असतो. ती की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये मिळते. बायोस उघडायच्या आधी काढा आणि वहीत लिहा, त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह करू नका.