शंभरचा की दोनशेचा? रोज वापरायच्या रंगीत रोलबद्दल

फोर्टात कॅमेऱ्याच्या दुकानात जाऊन रंगीत रोल मागा, काउंटरवरचा माणूस बहुतेक वेळा ४०० चा पुढे करतो. हा आकडा फिल्मच्या वेगाचा, जितका मोठा तितक्या कमी उजेडात रोल चालतो. "मॅडम, चारसौ ले जाओ, सब में चलता है." तो खोटं बोलत नाही. पण सगळ्यात चालणारी वस्तू रोज लागतेच असं नाही, आणि ४०० ला साधारणपणे पैसेही जास्त पडतात. मी बरीच वर्षं १०० आणि २०० वरच भागवतेय. कॅमेरा बाबांचा, ऑलिंपस ट्रिप ३५. नोकरी लोअर परळच्या एका छापखान्यात, प्रीप्रेसला. दिवसभर कलर प्रूफ बघायचे आणि गिऱ्हाइकाच्या लोगोतला लाल तोच लाल आहे का, यावर वाद घालायचे. त्यामुळे रंगांच्या बाबतीत मी जरा किरकिरी आहे, हे आधीच सांगून टाकते.

रोल घ्यायला निघण्याआधी घरबसल्या एक काम करा. फोनची गॅलरी उघडा आणि शेवटचे शंभरेक फोटो किती वाजता काढलेत ते बघा. मला वाटायचं मी रात्रीची मुंबई टिपणारी बाई आहे. निघालं काय, तर निम्म्याहून जास्त फोटो सकाळी आठ ते अकरामधले, उरलेले संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर उजेड असेपर्यंतचे. रात्रीचे म्हणावेत असे चार, त्यातले दोन जेवणाच्या ताटाचे. तुमचंही असंच निघालं तर १००-२०० चा रोल तुमच्या कामाचा. सगळेच फोटो घरातले, हॉटेलातले, लग्नाच्या हॉलमधले असतील तर दुकानदाराचं ऐका आणि ४०० घ्या.

आता १०० चा रोल कुठवर पुरतो ते बघू. डिसेंबरातल्या दुपारी शिवाजी पार्कच्या मैदानात एफ १६ आणि १/१२५ सेकंद (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक मोठं). तिथून कट्ट्यावरच्या झाडांच्या सावलीत आलात की एफ ४ पर्यंत उघडावं लागतं. जुलैत आभाळ भरून आलं की एफ ५.६, आणखी काळवंडलं की एफ ४. चाळीच्या गॅलरीत किंवा लोकलच्या डब्यात खिडकीजवळ एफ २.८ ला १/६०, आणि तिथे हद्द संपते. ५० एमएमची लेन्स हातात धरून १/६० च्या खाली गेलात की फोटो हलतो. २०० चा रोल याच्यापुढे एकच पायरी देतो, म्हणजे निम्म्या उजेडात भागतं, पण मुंबईत ती एक पायरी म्हणजे गॅलरीतली आई स्पष्ट येणं की हललेली येणं, एवढा फरक.

ही हद्द मी पैसे घालवून शिकले. १०० चा रोल घालून पहाटे पाचला दादरच्या फूल मार्केटात गेले. शेवंतीचे ढीग, झेंडूच्या गोणी, वर ट्यूबलाइटी आणि पिवळे बल्ब. ट्रिपला बॅटरी लागत नाही, लेन्सभोवतीचा सेलेनियम सेल उजेड मोजतो आणि उजेड कमी पडला की व्ह्यूफाइंडरमध्ये लाल पट्टी वर येते. बटण दाबलंच जात नाही. त्या पहाटे दर वेळी लाल पट्टी. मग मी शहाणपणा केला, रिंग ऑटोवरून काढून एफ २.८ वर आणली. असं केलं की हा कॅमेरा १/४० वर निमूट फोटो काढतो, कारण त्याच्याकडे वेग दोनच, १/४० आणि १/२००. एकवीस फोटो काढले. धुऊन आले तेव्हा झेंडू चिखलाच्या रंगाचा, माणसांचे चेहरे हिरवट, सावल्यांत नुसती वाळू. कॅमेरा तीन वेळा नाही म्हणत होता, मीच ऐकलं नाही.

आता रोल. स्वस्तातले म्हणावेत असे रंगीत निगेटिव्ह रोल हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. कोडॅक कलरप्लस २०० बहुधा सगळ्यात स्वस्त. रंग थोडे उबदार, ग्रेन, म्हणजे फोटोत दिसणारे दाणे, जरा जाडसर. पोस्टकार्ड साइझच्या प्रिंटवर तो ग्रेन मला भिंगाशिवाय दिसत नाही, आणि माझं पोटच भिंगावर चालतं. गोल्ड २०० पिवळ्याकडे झुकतो. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात काळी-पिवळी टॅक्सी टिपलीत तर अख्खी फ्रेम हळदीला बसल्यासारखी दिसते. काहींना तेच हवं असतं. मला ऑक्टोबरात चालतं, मे महिन्यात नाही. फुजीच्या २०० चं मी फारसं सांगणार नाही, तो मिळाला तेव्हाच घ्यायचा अशी परिस्थिती.

माझा हात जातो प्रोइमेज १०० कडे, आणि कारण शुद्ध मुंबईचं आहे. हा रोल उष्ण आणि दमट हवेतही साध्या खोलीच्या तापमानाला ठेवता येतो, असं कोडॅकच सांगतं. आपल्याकडे दुकानातला रोल एसीत किती आणि बंद शटरमागे किती राहिला, हे कुणाला ठाऊक? आपल्या सावळ्या-गव्हाळ रंगावरही तो बरा बसतो. बेस्टच्या बसचा लाल लालच राहतो, अबोलीचा गजरा नारिंगी होत नाही. अबोली ही माझी कसोटी. तो रंग प्रेसमध्येही भल्याभल्यांना रडवतो.

हा घेताना एक गोष्ट मात्र बघा. प्रोइमेज पाच रोलच्या खोक्यात येतो, सुट्या रोलला वेगळं खोकं नसतं. दुकानदार प्लास्टिकची डबी तेवढी हातात देतो आणि मुदतीची तारीख मोठ्या खोक्यावर राहते. "जरा खोका दाखवता का?" म्हणायचं. कुरकुर करत का होईना, दाखवतात. एकदा खोका "गोडाऊनला आहे" असं उत्तर आलं; मी रोल परत ठेवला.

एक्टार १०० रंगांना भडक आणि ग्रेनला बारीक, पण उजेड कमी पडला की सावल्या निळ्या पडतात. रोजच्या कामाला नको. पोर्ट्रा १६० सुंदर, खिशाला जड. स्लाइडचा रोल (निगेटिव्हऐवजी सरळ चित्रच देणारा) तर एक्स्पोजरची, म्हणजे उजेड कमी-जास्त दिल्याची, चूकच पोटात घालत नाही आणि त्याची धुलाईही वेगळी, ई-६.

चोर बाजारात मटन स्ट्रीटवर मुदत संपलेले रोल मिळतात. मुदत संपून गेलेल्या दर दहा वर्षांसाठी एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजेड द्यावा असा अंदाज सांगतात, पण तो थंड जागी ठेवलेल्या रोलचा. पत्र्याखाली दहा मे महिने काढलेल्या रोलला तो लागू नाही. सिनेमाच्या फिल्मचे भरून विकलेले रोलही स्वस्त दिसतात. त्यांच्या पाठीवर रेमजेट नावाचा काजळीसारखा थर आहे का, हे विकणाऱ्याला विचारा. असेल तर तो रोल रंगीत निगेटिव्ह धुणाऱ्या नेहमीच्या सी-४१ मशीनमध्ये गेला की सगळं रसायन खराब, आणि लॅबवाला तुम्हाला जन्मभर ओळखेल.

हिशेब रोलच्या किमतीवर करू नका. रोल, धुलाई आणि स्कॅन मिळून समजा १,८०० रुपये झाले, तर ३६ फोटोंत एक ५० रुपयांना पडला. धुलाईचे पैसे बहुतेक ठिकाणी रोलमागे असतात, म्हणून २४ चा रोल स्वस्त दिसला तरी फोटो महागच पडतो.

कुठलाही रोल घ्या, उजेड थोडा जास्तच द्या. रंगीत निगेटिव्हला जास्त झालेला उजेड पचतो, कमी पडलेला नाही. ट्रिपवर एएसएची (रोलवरचा हाच १००-२०० चा आकडा लावायची) रिंग आहे, त्यामुळे २०० च्या रोलला मी सरळ १०० लावते. रोलच्या डब्यावरचे चंदेरी चौकोन वाचून आकडा स्वतःच लावणारा ऑटोमॅटिक कॅमेरा असेल तर ही सोय नसते. तिथे चेहरा उजेडाकडे फिरवा, एवढंच हातात.

पहिला रोल चाचणीसाठी खर्चा. उन्हातली बस, सावलीतला चेहरा, पांढरा शर्ट, ओळखीचं फूल. प्रत्येकाचा एक नेहमीसारखा, एक एक स्टॉप जास्त, एक एक स्टॉप कमी. वहीत लिहून ठेवा, आठवणीत राहत नाही. आणि स्कॅनवरून रोलला नावं ठेवण्याआधी थांबा. मी एकच निगेटिव्ह दोन लॅबमध्ये स्कॅन केली, एकीकडून आई कावीळ झाल्यासारखी आली, दुसरीकडून थंडीने गारठल्यासारखी. रोल तोच, आईही तीच. लॅबला सांगा, "ऑटो करेक्शन बंद ठेवा," आणि निगेटिव्ह मागून घ्या. न मागता देतीलच असं नाही.

मेट्रोच्या स्टेशनवर बॅग मशीनमध्ये जाते. १००-२०० च्या रोलला एखाद्या फेरीने काही होत नाही, पण रोज ये-जा असेल तर रोल पारदर्शक पिशवीत घालून हातात तपासायला द्या. कॅमेऱ्यात चढलेला रोल महिन्या-दीड महिन्यात संपवा. स्कूटरच्या डिकीत अजिबात ठेवू नका. उरलेले फ्रिजमध्ये, घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि वापरायच्या आधी दोन तास बाहेर काढून डबी न उघडता ठेवायचे, नाहीतर दमट हवेत फिल्मवर पाणी धरतं. आमच्याकडे तो डबा कोथिंबिरीच्या शेजारी असतो. आईने त्यावर पट्टी चिकटवली आहे, "रोल. खायचे नाहीत." सध्या आत प्रोइमेज तीन आणि गोल्ड एक. गोल्ड गणपती झाल्यावर काढायचाय.