पावसावरून संघर्षाचे कारण शोधणारा अभ्यास कसा तपासावा

दारिद्र्यामुळे यादवी पेटते की यादवीमुळे दारिद्र्य येते, हा प्रश्न नुसत्या सहसंबंधाने सुटत नाही. दोन्ही गोष्टी एकमेकींवर परिणाम करतात आणि दुबळ्या शासनासारखे तिसरेच कारण दोन्हींच्या मुळाशी असू शकते. एडवर्ड मिगेल, शंकर सत्यनाथ आणि अर्नेस्ट सर्जेंटी या संशोधकांनी २००४ साली यातून एक वाट काढली. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत बहुतांश शेती पावसावर अवलंबून असते आणि पाऊस कोणाच्या हातात नसतो, म्हणून त्यांनी पावसातील चढउतार हे ‘साधन-चल’, म्हणजे कारण वेगळे काढण्यासाठी वापरलेला बाहेरचा घटक, मानले आणि पावसामुळे विकासदरात जो बदल झाला तेवढ्याचाच संघर्षाशी संबंध तपासला. ४१ देशांच्या १९८१ ते १९९९ या काळातील आकडेवारीवरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की विकासदर पाच टक्केबिंदूंनी (उदाहरणार्थ, ४ टक्क्यांवरून उणे १ टक्क्यावर) घसरला, तर पुढील वर्षी संघर्षाची शक्यता सुमारे निम्म्याने वाढते. असा अभ्यास हाती आला की तो कोणत्या क्रमाने तपासावा, हे पुढे सांगितले आहे.

प्रथम ‘संघर्ष’ म्हणजे काय मोजले आहे ते पाहावे. उप्साला आणि ओस्लो येथील संस्थांच्या विदासंचात वर्षभरात लढाईत किमान २५ मृत्यू झाले तर सशस्त्र संघर्ष आणि १,००० झाले तर युद्ध, अशी नोंद होते. याचा अर्थ २४ मृत्यूंचे वर्ष शून्यात जमा होते. या रकान्यातील प्रत्येक शून्य म्हणजे शांतता नव्हे, हे ध्यानात ठेवूनच पुढे जावे.

त्यानंतर पहिल्या टप्प्याचा, म्हणजे पावसावरून उत्पन्नाचा अंदाज बांधणाऱ्या गणिताचा, तक्ता शोधावा. पावसाने उत्पन्न खरोखर हलते का, याचे उत्तर तेथे मिळते. हा संबंध किती भक्कम आहे हे सांगणारी एफ-संख्या दहाच्या खाली असेल तर साधन दुबळे समजण्याचा प्रघात आहे; तसे असल्यास अंतिम आकडा कितीही ठळक दिसला तरी त्यावर भार टाकू नये.

आता पाऊस कसा मोजला आहे ते स्वतः कागदावर मांडून पाहावे. समजा, एका प्रदेशात सरासरी पाऊस ६०० मिलिमीटर आहे आणि लागोपाठच्या तीन वर्षांत ६००, ९०० आणि ६०० मिलिमीटर पाऊस पडला. मागील वर्षाच्या तुलनेत टक्केवारी काढली, तर तिसऱ्या वर्षी पावसात ३३ टक्क्यांची घट दिसते, जणू दुष्काळच पडला. प्रत्यक्षात ते वर्ष सरासरीइतकेच होते. अंतोनियो चिकोने यांनी २०११ साली मूळ अभ्यासावर हाच आक्षेप घेतला. म्हणून पावसाची वार्षिक वाढ आणि पावसाचे प्रमाण, अशी दोन्ही मापे वापरून गणित करावे आणि उत्तरे एकमेकांशी जुळतात का ते पाहावे. माझ्या मते ही पायरी कोणीही गाळू नये. अर्ध्या तासाच्या कामात निष्कर्षाची ताकद कळून येते.

सर्वांत अधिक वेळ मात्र वगळणुकीच्या अटीला द्यावा. पाऊस संघर्षापर्यंत केवळ उत्पन्नाच्याच मार्गाने पोहोचतो, अशी ही अट आहे आणि कोणतेही सॉफ्टवेअर ती सिद्ध करून देत नाही. अतिवृष्टीत रस्ते वाहून गेले तर सैन्याची हालचाल थांबते. पावसामुळे लोक घरातच राहिले तर जमाव जमत नाही. असे सर्व मार्ग लिहून काढून त्या त्या प्रदेशाची माहिती असलेल्यांना दाखवावेत. हेदर सार्सन्स यांनी २०१५ साली भारतातील जिल्ह्यांमधील पाऊस आणि दंगली यांवर केलेली तपासणी येथे आदर्श मानावी. धरणाच्या खालच्या बाजूला सिंचन असल्याने तेथील उत्पन्न पावसावर तितकेसे अवलंबून नसते. पावसाचा परिणाम केवळ उत्पन्नातून होत असेल, तर तेथे पाऊस आणि दंगली यांचा संबंधही क्षीण व्हायला हवा. तो क्षीण झालेला आढळला नाही. मराठवाड्यातील वाचकाला हे चटकन उमगेल: जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर परभणीकडे ज्याची जमीन आहे, त्याचा ऊस केवळ शिवारातल्या पावसावर ठरत नाही, नाशिक-नगरकडे पाऊस होऊन नाथसागर किती भरला यावर ठरतो. त्यामुळे पर्जन्यमापक नेमका कोणत्या ठिकाणचा घेतला आणि पाणी कोठून येते, हे प्रत्येक जिल्ह्यासाठी विचारावे.

शेवटी निष्कर्षाची व्याप्ती आखून घ्यावी. पावसातून काढलेला परिणाम शेतीच्या उत्पन्नातील धक्क्याचा असतो. तो सर्व प्रकारच्या उत्पन्नाला लावता येत नाही. ओएंद्रिला दुबे आणि हुआन वार्गास यांनी २०१३ साली कोलंबियाबाबत दाखवले की कॉफीचे भाव पडले तेव्हा कॉफी पिकवणाऱ्या भागांत हिंसाचार वाढला, कारण मजुरी घटली आणि बंदूक हाती घेणे तुलनेने परवडू लागले. तेलाचे भाव चढले तेव्हा मात्र तेलाच्या भागांत हिंसाचार वाढला, कारण लुटण्याजोगा पैसा वाढला. म्हणून आपल्या टिपणात ‘उत्पन्न घटले की संघर्ष वाढतो’ असे मोघम वाक्य न लिहिता कोणाचे उत्पन्न, कोणत्या कारणाने, कोणत्या प्रदेशात आणि कोणत्या वर्षांत घटले, हे त्याच वाक्यात नोंदवावे.