इलेक्ट्रिक व्हायोलिनवर ब्लूज वाजवताय? या चुका टाळा

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे न थांबता वाजवणं. गिटारची तार छेडली की स्वर आपोआप विरत जातो, सॅक्सोफोनवाल्याला श्वास घ्यावाच लागतो. व्हायोलिनला असं कुठलंच बंधन नाही. गज फिरतोय तोवर स्वर चालू. त्यामुळे नवशिके ब्लूज स्केल (ब्लूजमध्ये वापरायच्या स्वरांचा संच) पाठ करतात आणि बारा बार, म्हणजे चार-चार मात्रांच्या बारा आवर्तनांची ब्लूजची एक फेरी, संपेपर्यंत तिच्यावर खालीवर धावत सुटतात.

एका जॅममध्ये, म्हणजे आयत्या वेळी जमून वाजवण्याच्या बैठकीत, हे फार जवळून पाहिलं. ए हा षड्ज धरून संथ ब्लूज चालला होता. व्हायोलिनवाल्याचा हात तयार, पाश्चात्त्य शास्त्रीय शिक्षण झालेलं. ब्लूजमध्ये गायक एक ओळ गातो, तीच पुन्हा गातो आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर देतो. प्रत्येक ओळीला चार बार, त्यातले साधारण दोन गाण्याचे, उरलेले वाद्याचे. या गड्याने पहिल्या ओळीनंतरची मोकळी जागा घेतली ती सोडलीच नाही. दुसऱ्या ओळीवर तो वाजवतोय, तिसऱ्या ओळीवरही. शेवटी गायिकेने शब्द अर्धे सोडले आणि माइकपासून मागे सरकली.

मग त्याचा सोलो आला. पाचव्या बारला कॉर्ड (साथीला एकत्र वाजणारे स्वर) ए सेव्हनवरून बदलून डी सेव्हन झाली आणि त्याने वरचा सी शार्प भरपूर व्हायब्रेटो (बोट हलवून स्वराला दिलेला कंप) देऊन धरून ठेवला. ए सेव्हनवर सी शार्प गोड लागतो, पण डी सेव्हनमध्ये सी नॅचरल असतो. दोघांची टक्कर झाली तसा बेसवाल्याने मान वर करून पाहिलं. स्केल पाठ होती, पण खाली कॉर्ड बदलली याकडे त्याचं लक्षच नव्हतं.

माझा उपाय साधा आहे. गज खाली ठेवा आणि आधी गाऊन बघा. एका श्वासात गाता येईल तेवढीच ओळ वाजवा, मग तेवढाच वेळ गप्प राहा. आवाज चांगला नसला तरी चालेल. त्या व्हायोलिनवाल्याला मध्यंतरात एवढंच सांगितलं. पुढच्या फेरीत तो दोन बार थांबला, मग ए, जी, ई आणि शेवटी सी वरून किंचित वर सरकणारी एक मींड, एवढंच वाजवलं. गायिका परत माइकजवळ आली.

ती मींड महत्त्वाची. ब्लूजचा गंधार (ए मध्ये सी आणि सी शार्प यांच्या मधला स्वर) कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी असतो आणि दर वेळी थोडा हलतो. फिंगरबोर्डवर रंगीत पट्ट्या चिकटवून तो सापडत नाही. पडदे नसलेलं वाद्य हातात असताना पट्ट्या लावणं मला अजिबात पटत नाही. ऐकून ऐकून बोट तिथे जायला हवं. स्टफ स्मिथ, क्लॅरन्स 'गेटमाउथ' ब्राउन, डॉन 'शुगरकेन' हॅरिस यांची व्हायोलिनवरची रेकॉर्डिंग्ज लावा आणि एकच ओळ आठवडाभर घोटा. आठवडा जास्त वाटत असेल तर वाद्य बदलूनही उपयोग नाही.

दुसरी चूक आवाजाची. 'माझं व्हायोलिन डास गुणगुणल्यासारखं ऐकू येतं' अशी तक्रार करणाऱ्याची केबल बहुतेक वेळा थेट मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये असते. इलेक्ट्रिक व्हायोलिनमध्ये बहुधा पिएझो पिकअप (तारांच्या कंपनाचा विद्युत सिग्नल करणारा भाग) असतो. वाद्यात बॅटरीवर चालणारा प्रीअँप (सिग्नल आधी सावरून पुढे देणारं सर्किट) नसेल तर त्याला निदान एक मेगाओहम इम्पीडन्सचं (विद्युत अवरोधाचं) इनपुट लागतं. लाइन इनपुटचं असतं दहा-वीस किलोओहमच्या आसपास. तिथे खालचे स्वर गळून जातात आणि उरतो तो किरकिरा आवाज. लोक मग नवी महागडी व्हायोलिन शोधतात. त्याआधी पिएझोसाठीचा प्रीअँप किंवा डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) मधे लावा आणि इक्वलायझरवर दोन ते चार किलोहर्ट्झचा पट्टा थोडा खाली आणा. मी हे ट्यूनिंगच्याही आधी करतो.

ओव्हरड्राइव्हचं (आवाज मुद्दाम खरखरीत करणाऱ्या इफेक्टचं) गेन, म्हणजे त्याचा जोर, गिटारवाल्याच्या निम्मं ठेवा. स्वर लांबवायला तुमच्याकडे गज आहेच.

व्हायब्रेटो पहिल्या क्षणापासून नको. स्वर सरळ लावा, शेवटाकडे हळू आणि रुंद हलवा.

शफलमध्ये, म्हणजे ब्लूजच्या झुलत्या ठेक्यात, एका मात्रेतल्या दोन स्वरांना सारखा वेळ देऊ नका, पहिल्याला दोन भाग आणि दुसऱ्याला एक.

आणि फक्त ए आणि ई मध्ये सराव करून जॅमला जाऊ नका. जी, डी, ए, ई या चारही मोकळ्या (बोट न दाबता वाजणाऱ्या) तारा त्या दोन्ही मायनर पेंटाटॉनिकमध्ये (ब्लूजच्या पायाभूत पाच स्वरांच्या स्केलमध्ये) येतात, म्हणून तिथे सगळं सोपं वाटतं. सोबत ट्रंपेट-सॅक्सोफोन असले की गाणं बी फ्लॅट किंवा एफ मध्ये निघतं. रोजच्या सरावातला निम्मा वेळ बी फ्लॅट आणि एफ मध्ये काढा, मोकळी तार न वाजवता.