लष्करी रिॲलिटी शो बघताना वही जवळ ठेवा

घरात कुणी एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशाची तयारी करत असेल, तर लष्करी रिॲलिटी शोबद्दल ‘असले कार्यक्रम बघू नकोस’ म्हणून काही होत नाही. त्यापेक्षा एक भाग सोबत बसून बघा, तोही दोनदा.

पहिल्यांदा नुसता बघा. दुसऱ्यांदा मोबाइलवर स्टॉपवॉच लावा आणि वहीत चार रकाने आखा: एक, अडथळे आणि आरडाओरडा; दोन, स्पर्धकांचं कॅमेऱ्यासमोरचं बोलणं; तीन, शिकवणं आणि सराव; चार, वाट बघणं, साफसफाई, जेवण. प्रत्येक दृश्याचे सेकंद लिहा. शेवटचे दोन रकाने बहुतेक रिकामेच राहतात.

इथे चूक होते ती अंदाजाने लिहिण्याची. पार्श्वसंगीतामुळे वीस सेकंदांची चिखलातली धडपड फार लांब वाटते. म्हणून अशा दृश्याला आवाज बंद करा. प्रशिक्षक ओरडतो, पण त्याआधी काय घडलं ते दाखवलंय का? आणि चिखलात लोळलेला माणूस कोरड्या केसांनी, धुतल्या कपड्यांत बोलत असेल, तर ते बोलणं नंतर चित्रित केलेलं आहे. निकाल माहीत असलेला माणूस बोलतोय, हे मुलांना दाखवून द्या.

आता नियम ताडून बघा. ब्रिटनच्या चॅनल ४ वर २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘एसएएस: हू डेअर्स विन्स’मध्ये झेपलं नाही की स्पर्धक दंडावरची क्रमांकाची पट्टी काढून देतो आणि घरी जातो. एनडीएत, खडकवासल्याला, तीन वर्षं, सहा टर्म असतात. कमी पडलेला कॅडेट रेलिगेट होऊ शकतो, म्हणजे सहा महिने मागे. कालच्या ज्युनिअर्सबरोबर तीच टर्म पुन्हा. हे अभ्यासात मागे पडल्यामुळेही होतं, कारण रगडा, म्हणजे शिक्षेची अंगमेहनत, सोसत असतानाच जेएनयूची पदवीही पुरी करायची असते. आम्हाला हाच फरक सर्वांत महत्त्वाचा वाटतो: तिथे हरलेल्याला परत उभं राहावं लागतं. पडद्यावर तो पुढच्या भागात दिसतही नाही.

शोचा खरा फटका एसएसबीत, म्हणजे लेखी परीक्षेनंतरच्या मुलाखती-चाचण्यांच्या फेरीत बसतो. लेखी परीक्षा ९०० गुणांची, एसएसबीही ९०० ची. मानसशास्त्रीय चाचणीत ६० प्रसंगांना ३० मिनिटांत उत्तरं द्यायची असतात, आणि साध्या प्रसंगालाही मुलं कमांडोसारखं उत्तर लिहितात. गटचर्चेत आवाज चढवून दुसऱ्यांना बोलू देत नाहीत. तिथे तर इतरांना बरोबर घेऊन काम करता येतं का, हेच बघतात.

शेवटी पुण्यात वानवडी, साळुंके विहारकडे ओळखीचे निवृत्त फौजी असतील तर वेळ मागून भेटा. एक अधिकारी आणि एक जेसीओ (सुभेदारासारख्या हुद्द्यावरचा), दोघांनाही. शौर्यकथा विचारू नका. ‘एखादा साधा मंगळवार सकाळपासून रात्रीपर्यंत कसा जायचा?’ असं विचारा. काकू घरात असतील तर बदली झाल्यावर मुलांच्या शाळेचं काय केलं, हे त्यांना विचारा. उत्तरं त्याच वहीत, रिकाम्या राहिलेल्या रकान्यांत लिहून घ्या.